काशीच्या आकाशातील धूळ आणि धूर

मैदानात उतरल्यावर गंगा प्रायः आग्नेयेकडे व पूर्वेकडे वाहत जाते. वाराणसीपाशी मात्र ती वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. शहराचे घाट त्यामुळे पश्चिम तीरावर वसले असून त्यांची तोंडे उगवतीकडे आहेत. समोरच्या तीरावर, पावसाळा ओसरला म्हणजे, वाळूचे विस्तीर्ण पटांगण उघडे पडते. असीघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले असता ही रेती, तिच्यापलीकडील झाडांची रांग आणि वरच्या अंगास रामनगरच्या किल्ल्याचा तट ऑक्टोबरच्या आरंभी रेखीव दिसतो. नोव्हेंबर उजाडता उजाडता झाडांची रांग पुसट होऊ लागते, आणि काही दिवशी किल्लाही दिसेनासा होतो. मे महिन्यात पुन्हा असेच घडते, परंतु त्या वेळी आकाशाचा रंग निराळा असतो. नोव्हेंबरातील पडदा राखाडी, तर मे महिन्यातील पिवळट. पहिला धुराचा व दुसरा धुळीचा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आणि पहिल्याचा दोष पंजाबातील शेतकऱ्याकडे व दुसऱ्याचा राजस्थानच्या वाळवंटाकडे दिला जातो.

हे सांगणे कितपत खरे आहे, याचा निर्णय घाटावर उभे राहून करता येत नाही. येथील मानमंदिर घाटावर सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आजही आहे. तिची दगडी यंत्रे खालून वर पाहण्यासाठी आहेत. आपल्या प्रश्नास वरून खाली पाहणारे यंत्र हवे. शिवाय त्याने जे पाहिले त्याचा अर्थ कसा लावावा व ते काय पाहू शकले नाही, हेही ठाऊक असावयास हवे. प्रस्तुत प्रकरणात आपण या दुसऱ्या गोष्टीकडे अधिक लक्ष देणार आहोत. उपग्रहाची चित्रे आता वृत्तपत्रांतूनही छापली जातात, आणि त्यांवरून कोणी दंडास पात्र ठरतो तर कोणी निर्दोष सुटतो.

मैदानाची पन्हळ

गंगेच्या मैदानाची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. उत्तरेस हिमालयाची भिंत, दक्षिणेस विंध्य व कैमूरच्या रांगा आणि छोटा नागपूरचे पठार, यांच्यामध्ये हे मैदान एखाद्या पन्हळीसारखे पडलेले आहे. तिचे पश्चिमेकडील तोंड पंजाब व थरच्या वाळवंटाकडे उघडे असून पूर्वेकडील तोंड बंगालकडे उघडते. हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या पूर्वार्धात वारे बहुधा वायव्येकडून व पश्चिमेकडून वाहतात. वाराणसीकडील लोक या वाऱ्यास 'पछुआ' म्हणतात. बंगालच्या बाजूने येणारा दमट वारा तो 'पुरवैया'. पछुआ वाहत असता पन्हळीच्या वरच्या टोकास हवेत जे काही मिसळले जाईल ते खालच्या टोकाकडे सरकत राहते. वाराणसी या वाटेच्या मध्याच्या पुढे, समुद्रसपाटीपासून केवळ ऐंशी मीटरांच्या आसपास उंचीवर आहे.

जैसलमेरपासून वाराणसीपर्यंतचे सरळ अंतर सुमारे १,२०० किलोमीटर व लुधियानापासूनचे सुमारे ९०० किलोमीटर भरते. ताशी १५ किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यास लुधियानाहून येथवर पोहोचण्यास ६० तास, म्हणजे अडीच दिवस लागतील. आज सायंकाळी पंजाबात पेटलेल्या शेताचा धूर परवाच्या रात्री किंवा तेरवाच्या सकाळी काशीस येऊ शकतो. 'येऊ शकतो' हे शब्द येथे जाणूनबुजून वापरले आहेत. तो वाटेत वरच्या थरात उचलला जाईल, वारा फिरल्यास भलतीकडे वळेल, किंवा दिल्ली, कानपूर व प्रयागराज येथील धुरात मिसळून ओळखू येण्यापलीकडे जाईल.

उजळ भूमी आणि काळा समुद्र

महाराष्ट्रातील वाचकास धुळीच्या दूरवरच्या प्रवासाचा एक अनुभव अलीकडचाच आहे. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई व आसपासच्या प्रदेशावर एकाएकी पांढुरके मळभ दाटून आले आणि उभ्या मोटारींवर बारीक पुडीचा थर साचला. ही धूळ कराचीच्या बाजूने अरबी समुद्रावरून आली होती, व तिचा पट्टा उपग्रहाच्या साध्या छायाचित्रातही स्पष्ट उमटला होता. याचे कारण असे की, समुद्र वरून जवळजवळ काळा दिसतो. काळ्या फळ्यावर खडूची रेघ उठून दिसावी त्याप्रमाणे समुद्रावरील धूळ उठून दिसते.

गंगेच्या मैदानात ही सोय नाही. उन्हाळ्यात गव्हाची कापणी झालेली शेते, नद्यांची रेती व वाळवंटाची जमीन, सारेच उजळ असते. उजळ जमिनीवरील उजळ धूळ म्हणजे पांढऱ्या भिंतीवरील चुन्याचा डाग होय. हिवाळ्यात धुराच्या जोडीस धुके असते. साध्या चित्रात दोहोंचा रंग इतका सारखा दिसतो की, सबंध पन्हळ दुधाने भरल्याचा भास होतो. नुसत्या डोळ्यांनी चित्र पाहून 'हा धूर' असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे असते. अशी विधाने करणाऱ्यांची संख्या मात्र कमी नाही.

रंगांपलीकडील रंग

या अडचणीतून वाट निघते ती आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगलांबींमुळे. उपग्रहावरील उपकरण एकाच दृश्याची अनेक चित्रे निरनिराळ्या तरंगलांबींत घेते, आणि प्रत्येक चित्रात धूळ, धूर व धुके निराळ्या प्रकारे वागतात.

धुराचे कण अतिशय सूक्ष्म, बहुतांशी एका मायक्रॉनहून लहान असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढे लहान कण निळ्या प्रकाशास चांगलेच विखुरतात, पण तरंगलांबी वाढत गेली की त्यांचा प्रभाव झपाट्याने ओसरतो. सुमारे दोन मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात पातळ धुराचा थर जवळजवळ पारदर्शक होतो व त्याखालील शेते दिसू लागतात. दृश्य प्रकाशात धूसर व अवरक्तात स्वच्छ, असे दिसले म्हणजे कण सूक्ष्म आहेत असे समजावे. धुळीचे कण अनेक मायक्रॉनांचे असतात. ते निळा, तांबडा व अवरक्त अशा सर्व प्रकाशांना थोड्याफार सारख्याच प्रमाणात अडवितात. तरंगलांबीनुसार होणाऱ्या या फरकास स्वीडिश शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी १९२९ साली एका घातांकाचे रूप दिले. हा घातांक १.३ किंवा त्याहून अधिक भरला तर बहुधा धूर, आणि शून्याच्या जवळ आला तर धूळ. गंगेच्या मैदानात पुष्कळदा तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतो, कारण येथे दोन्ही एकत्र नांदतात.

दुसरी खूण जंबुपार, म्हणजे जांभळ्या रंगापलीकडील प्रकाशात सापडते, आणि तिच्या शोधाची कथा मौजेची आहे. १९७८ च्या ऑक्टोबरात सोडलेल्या निम्बस-७ या अमेरिकन उपग्रहावर ओझोन मोजण्याचे एक उपकरण होते. त्याच्या मोजमापात धूळ व धूर यांच्यामुळे गडबड होते असे आढळले. पुढे १९९० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी ही गडबडच उपयोगात आणली. जंबुपार प्रकाशात वाळवंटदेखील काळसर दिसते आणि हवेचे रेणू मात्र उजळ दिसतात. त्या उजेडास शोषून घेणारे कण मध्ये आले की त्यांची छाया उमटते. या रीतीने थरच्या वाळूवरची, इतकेच नव्हे तर ढगांवर पसरलेली धूळही ओळखता येऊ लागली. परंतु जमिनीलगतच्या थराबाबत ही रीत दुबळी आहे. कणांच्या खाली पुरेशी हवा असेल तरच छाया उठून दिसते. हिवाळ्यातील काशीचा धूर तर काहीशे मीटरांच्या थरात दडपलेला असतो.

तिसरी खूण उष्णतेची आहे, आणि ती रात्रीही चालते. जमिनीतून निघणारे उष्ण प्रारण सुमारे ११ व १२ मायक्रॉन अशा दोन लगतच्या तरंगलांबींत मोजले, तर स्वच्छ दमट हवेतून ११ मायक्रॉनला जमीन किंचित अधिक उष्ण भासते. धुळीतील सिलिकेट खनिजे याच्या उलट ११ मायक्रॉनचे प्रारण अधिक शोषतात. त्यामुळे वजाबाकीचे चिन्हच उलटते. युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहांच्या चित्रांत धूळ गुलाबी रंगाने दाखवितात, ती प्रामुख्याने या वजाबाकीच्या आधारे.

आपल्या देशाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. १९८३ च्या ऑगस्टमध्ये अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहाने भारताच्या आकाशाची नियमित चित्रे देण्यास आरंभ केला. परंतु त्यावरील उपकरणास उष्ण प्रारणाची एकच खिडकी होती. एका खिडकीत वजाबाकी कशाची करणार? दोन लगतच्या खिडक्या आणि त्यांच्या जोडीस चार मायक्रॉनच्या आसपासची तिसरी, अशी सोय जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डी वर झाली. तीच परंपरा २०१६ च्या इन्सॅट-३डीआर व २०२४ च्या इन्सॅट-३डीएस या उपग्रहांनी पुढे चालविली आहे.

ढगाखालची आंधी

एवढी साधने असूनही धुळीच्या ज्या वादळात माणसे मरतात, तेच नेमके उपग्रहापासून दडून राहते. उत्तर भारतात धूळ दोन प्रकारांनी उठते. एक प्रकार लूचा. दिवसभर वाहणारा तप्त पश्चिमी वारा धूळ उचलून हळूहळू पसरवितो. तिचे पट्टे उपग्रहास दोन-दोन, तीन-तीन दिवस दिसत राहतात. दुसरा प्रकार आंधीचा. पी. व्ही. जोसेफ व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वायव्य भारतातील आंधीचा अभ्यास १९८० साली 'मौसम' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आंधी ही गडगडाटी ढगाची निर्मिती होय. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत आटतो, हवा गार व जड होऊन जमिनीवर कोसळते आणि चोहीकडे पसरताना धुळीची भिंत पुढे रेटीत नेते. सारा प्रकार तासा-दोन तासांचा असतो. उपग्रहास वरून दिसतो तो ढगाचा ऐरणीसारखा पसरट माथा. धुळीची भिंत बव्हंशी त्याच्या छत्राखाली धावत असते.

२ मे २०१८ च्या रात्री राजस्थानातील अलवर, भरतपूर व धौलपूर आणि उत्तर प्रदेशातील आग्रा या भागांत अशाच वादळांनी शंभराहून अधिक माणसे दगावली. अनेकांचा मृत्यू भिंती व छपरे कोसळून झाला. अशा प्रसंगी उपग्रहाचा उपयोग धूळ पाहण्यासाठी नसून ढग केव्हा व किती वेगाने वाढतो हे पाहण्यासाठी आहे. त्यापुढील काम भूमीवरील रडारचे. वादळ शमल्यावर हवेत उरलेली बारीक धूळ मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्वेकडे सरकताना दिसते, आणि वाराणसीचे पिवळट आकाश बऱ्याच वेळा असे उरलेसुरलेच असते.

घाटांसमोरील रेतीविषयी येथेच सांगून टाकू. पुरवैया जोराने वाहू लागला की ही रेती सरळ शहरात येते. वाराणसीच्या जुन्या रहिवाशास त्यासाठी उपग्रहाची गरज नाही. रेतीचे जाड कण फार दूर जात नाहीत आणि अवकाशातून घेतलेल्या किलोमीटरच्या मापाच्या चित्रात ते वेगळे दिसतही नाहीत. राजस्थानच्या माथी मारल्या जाणाऱ्या धुळीपैकी काही अशी घरचीच असते.

आग कशी दिसते

आता धुराकडे वळू. धूर दिसण्यापूर्वी आग दिसते, आणि ती दिसण्यामागील तत्त्व सोपे आहे. पदार्थ जितका उष्ण तितकी त्याच्या प्रारणाची तरंगलांबी आखूड. २७° सेल्सिअस तापमानाची जमीन सर्वाधिक प्रारण १० मायक्रॉनच्या जवळपास सोडते. सातशे अंशांच्या ज्वाळेचे शिखर तीन मायक्रॉनांच्या आसपास येते. त्यामुळे चार मायक्रॉनच्या खिडकीतून पाहिले असता आग डोळ्यांत भरते. आकडेमोड केली तर ७२७° तापमानाची ज्वाळा २७° च्या जमिनीपेक्षा ११ मायक्रॉनला सुमारे २९ पट तेजस्वी असते, तर ४ मायक्रॉनला सुमारे साडेचार हजार पट.

याचा परिणाम पाहा. उपग्रहाच्या चित्रातील एक बिंदू म्हणजे जमिनीवरील एक चौरस किलोमीटर, असे समजा. त्यात १,००० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने दहा गुंठे, एवढीच जागा जळत आहे. ही जागा बिंदूच्या क्षेत्राचा हजारावा भाग झाली. तरीही ४ मायक्रॉनला सबंध बिंदू साडेपाच पट उजळ होऊन त्याचे तापमान ७७° भासेल. ११ मायक्रॉनला मात्र ते जेमतेम २९° दिसेल. दोन खिडक्यांतील हा प्रचंड फरक म्हणजे आगीची साक्ष. हीच दहा गुंठ्यांची आग भूस्थिर उपग्रहाच्या चार किलोमीटर मापाच्या बिंदूत घातली, तर तिचा वाटा सोळा हजारावा होतो आणि तापमान अवघे सहा अंश चढते. तेवढा फरक ओलीत शेत व कोरडी रेती यांच्यातही असतो.

यावरून दोन प्रकारच्या उपग्रहांमधील व्यवहार कळून येईल. सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रह दर दहा, पंधरा किंवा तीस मिनिटांनी चित्र देतो. त्याची नजर मात्र ढोबळ आहे. सात-आठशे किलोमीटर उंचीवरून ध्रुवांभोवती फिरणारे उपग्रह बारीक पाहतात, पण दिवसातून मोजक्याच वेळा. १९९९ च्या डिसेंबरात व २००२ च्या मे महिन्यात सोडलेल्या टेरा व अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील 'मोडिस' उपकरणाचा बिंदू एक किलोमीटरचा आहे. २०११ पासूनच्या 'व्हीर्स' उपकरणाचा ३७५ मीटरचा. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण २००४ सालापासून अशा नोंदींवरून राज्यांच्या वनखात्यांना वणव्याच्या सूचना पाठवीत आले आहे. गडचिरोली व चंद्रपूरच्या जंगलांत मार्च ते मे या काळात मोहफुले वेचण्यास जमीन साफ व्हावी व तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून पाचोळा पेटविला जातो. असे वणवे या सूचनांतून कळतात. पाचोळ्याची आग झाडांच्या छायेत सरपटत जाते व मंद जळते. तिच्यापेक्षा उघड्या शेतातील आग पकडणे सोपे, असे कोणासही वाटेल. पंजाबात मात्र या समजुतीस धक्का बसला.

मोजदाद आणि घड्याळ

पंजाबातील आगीमागे एक कायदा आहे. भूजल वाचावे म्हणून २००९ साली त्या राज्याने भाताची लावणी १० जूनपूर्वी करण्यास बंदी घातली. लावणी लांबली, त्यामुळे कापणीही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेली. गहू पेरण्यास मग दोन-तीन आठवड्यांचाच अवधी उरला. कापणी-मळणीची यंत्रे लोंब्या कापून धसकटे व तणस शेतातच सोडतात. ती उचलण्यास मजूर हवेत, पैसा हवा, वेळ हवा. काडी ओढण्यास यांपैकी काहीच लागत नाही. पाणी वाचविण्याच्या चांगल्या हेतूने केलेल्या योजनेने धूर वर्षाच्या अशा पंधरवड्यात ढकलला, की ज्या वेळी हवा थंड व स्तब्ध होऊ लागते.

१५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळातील आगींची उपग्रहांवरून होणारी अधिकृत मोजणी पंजाबात २०२१ साली ७१,३०४, २०२२ साली ४९,९२२, २०२३ साली ३६,६६३ आणि २०२४ साली १०,९०९ अशी भरली. आकडे खरे आहेत. तेवढ्यावरून धूर सातव्या हिश्शावर आला असे मात्र ठरत नाही. 'व्हीर्स' वाहणारे उपग्रह स्थानिक सूर्यवेळेनुसार दुपारी व रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. भारतीय प्रमाणवेळेचे रेखावृत्त वाराणसीशेजारच्या मिर्झापूरजवळून जाते. त्यामुळे काशीत सूर्याचा दीड तो घड्याळाचाही दीड. लुधियाना पश्चिमेकडे असल्याने तेथे त्या वेळी घड्याळात दोन वाजत आलेले असतात. दुपारी तीननंतर पेटवून सायंकाळी विझलेले शेत या उपग्रहांच्या हिशेबात येतच नाही. २०२४ च्या हंगामात दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची व मेटिओसॅटची चित्रे तपासली असता नेमके हेच दिसले: दुपार उलटून गेल्यावर आगी वाढत होत्या. हवेतील धुराचे मोजमापही आगींच्या आकड्यांइतके उतरले नव्हते.

शेतकऱ्यांनी उपग्रहाचे वेळापत्रक पाठ केले, असा याचा अर्थ काहींनी लावला. तो सर्वस्वी खोटा नसेलही. मात्र दिवसा दव वाळू देऊन तिसऱ्या प्रहरी पेटविणे ही शेतीच्या व्यवहारातील साधी सोय आहे, हेही विसरू नये. दंडाची नोटीस उपग्रहाच्या बिंदूवरून निघू लागली की मोजणारा व मोजला जाणारा यांच्यात असा लपंडाव सुरू होणे स्वाभाविक आहे. याखेरीज आणखी एक उणीव आहे. धूर अतिशय दाट झाला म्हणजे संगणकाची पद्धती त्यास ढग समजून वगळते, आणि त्याखालची आगही वगळली जाते. ज्या दिवशी परिस्थिती सर्वांत वाईट, त्याच दिवशी नोंद उणी पडण्याचा संभव असतो.

नाकापर्यंतचे अंतर

धूर वाराणसीस पोहोचला की नाही, हे ठरविताना शेवटची व सर्वांत अवघड पायरी येते. उपग्रह मोजतो तो जमिनीपासून आकाशापर्यंतच्या सबंध स्तंभातील कणांचा परिणाम. त्यास प्रकाशीय जाडी म्हणतात. तिचे मूल्य १ असेल तर डोक्यावरून सरळ येणारा सूर्यप्रकाश ३७ टक्के उरतो, ०.५ असेल तर ६१ टक्के. गंगेच्या मैदानात ०.५ पेक्षा अधिक मूल्य ही नित्याची गोष्ट आहे. माणूस मात्र स्तंभ श्वासात घेत नाही. तो खालची दोन मीटर हवा घेतो. मे महिन्यात धूळ तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत चढते, त्यामुळे स्तंभ भरलेला असूनही नाकाशी येणारा वाटा बेताचा असू शकतो. डिसेंबरात तितकेच कण काहीशे मीटरांत दाबले जातात, आणि तेच मूल्य कितीतरी अधिक घातक ठरते. उपग्रहाच्या रंगीत नकाशावर दोन्ही दिवस एकाच रंगाचे दिसतील.

कण कोणत्या उंचीवर आहेत हे सांगण्यासाठी लेसर किरण सोडणारा 'कॅलिप्सो' उपग्रह २००६ ते २०२३ पर्यंत कार्यरत होता. धुळीचे वेडेवाकडे कण परतणाऱ्या किरणाचे ध्रुवण बिघडवितात, धुराचे कण फारसे बिघडवीत नाहीत. उंचीबरोबर जातही कळते. २०२४ च्या मे महिन्यात सोडलेला युरोप व जपान यांचा 'अर्थकेअर' आता हे काम करीत आहे. पण लेसरची रेघ दोरीसारखी बारीक असते. ती काशीवरून नेमकी त्या दिवशी जाईल, ही अपेक्षा करता येत नाही. म्हणून भूमीवरील उपकरणांवाचून गत्यंतर नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००१ पासून सूर्यप्रकाशमापक उपकरण चालू झाले. काशी हिंदू विश्वविद्यालयातही असे निरीक्षण केले गेले आहे. कानपूर हे पछुआच्या वाटेवर वाराणसीच्या वरच्या अंगास सुमारे ३०० किलोमीटरांवर असल्याने तेथील वाचन काशीसाठी जवळजवळ एका दिवसाची आगाऊ सूचनाच होय.

समजा, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्यापुढे चार दिवसांची चित्रे आहेत. पहिल्या दिवशी पंजाबात आगींचे ठिपके दाट आहेत. दुसऱ्या दिवशी दिल्लीवर राखाडी पट्टा असून त्याखालची भूमी दोन मायक्रॉनच्या चित्रात स्पष्ट दिसते. तो धूर आहे, धुके नव्हे. तिसऱ्या दिवशी कानपूरचा घातांक १.३ च्या वर आहे व प्रकाशीय जाडी वाढली आहे. चौथ्या दिवशी वाराणसीतील अर्दली बाजार येथील मापनकेंद्राचा सूक्ष्मकणांचा आकडा चढतो. एवढी साखळी जुळली तर बाहेरच्या धुरास दोष देणे रास्त ठरेल. मधला एखादा दुवा निराळा निघाला, तर निष्कर्षही निराळा काढावा लागेल. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीवर दाट धुरके कोंदले तेव्हा सर्वांचे बोट पंजाबकडे होते. परंतु पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर' यंत्रणेने आखाती प्रदेशातील वादळाच्या धुळीचाही त्यात मोठा वाटा असल्याचे दाखविले. धूळ आणि धूर एकाच पन्हळीतून एकाच वेळी आले होते.

आकडा कोणत्या वेळी चढतो, हेही पाहिले पाहिजे. दुरून आलेला धूर दिवसभरात हवेच्या थरात मिसळून गेलेला असतो. तो रोज सायंकाळी सातच्या ठोक्याला वाढून रात्री उशिरा उतरेल असे नाही. सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा थंडावते, थर आखडतो, आणि त्या वेळेपासून जे नव्याने सोडले जाईल तेवढेच त्यात साचत जाते: वाहनांचा धूर, कोळशाच्या भट्ट्या, कोपऱ्यावर पेटविलेला कचरा, उकरलेल्या रस्त्यांची धूळ. गंगेपलीकडचा चंदौली जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. तेथील शेतात पेटलेली धसकटे पुरवैयाबरोबर दोन-तीन तासांत शहरावर येतात. ज्या आठवड्यात कानपूरचे वाचन स्थिर असून अर्दली बाजारचा आकडा केवळ रात्रीच चढतो, त्या आठवड्यात पंजाबची चित्रे बाजूस ठेवून याच गोष्टींची झडती घ्यावी लागते.